कामाचं पुढे काय, आणि हे कशासाठी: फोटोग्राफर्सच्या दोन जुन्या प्रश्नांची पार्श्वभूमी

सध्या चार फोटोग्राफर जमले की दोन प्रश्न हमखास निघतात. एक, आपल्या कामाचं पुढे काय होणार. आणि दुसरा जरा उशिरा, गप्पा रंगल्यावर निघतो, की हे सगळं आपण नक्की कशासाठी करतोय. एआय आल्यामुळे हे नव्याने सुरू झालंय असं वाटतं, पण दोन्ही प्रश्न जवळपास कॅमेऱ्याइतकेच जुने आहेत. आणि मला तर ते वेगळे वाटतच नाहीत, कारण इतिहासात ज्यांना दुसऱ्याचं उत्तर सापडलं त्यांना पहिल्यातूनही वाट काढता आली असं बऱ्याचदा दिसतं.

१८३९ मध्ये पॅरिसला दागेरची फोटो काढायची पद्धत जाहीर झाली आणि पहिला फटका बसला तो छोटी पोर्ट्रेट रंगवून पोट भरणाऱ्या चित्रकारांना. त्यातल्या कित्येकांनी ब्रश बाजूला ठेवून कॅमेरा हातात घेतला, म्हणजे या व्यवसायातली पहिली पिढीच धंदा बदलून आलेली! पॅरिसचा गाजलेला फोटोग्राफर नादार मूळचा व्यंगचित्रकार. पोर्ट्रेटचं काम जोरात असताना १८५८ मध्ये तो बलूनमधून फोटो काढायला गेला, मग पॅरिसच्या जमिनीखालच्या भुयारांत बॅटरीवरचे दिवे घेऊन उतरला. तिथे एक्सपोजर, म्हणजे प्लेटवर प्रकाश पडू द्यायचा वेळ, इतका लांब लागायचा की माणूस हलणारच, म्हणून त्याने कामगारांच्या जागी चक्क पुतळे उभे केले. त्याच काळातला दुसरा फ्रेंच फोटोग्राफर दिस्देरी बघा. १८५४ मध्ये त्याने एकाच प्लेटवर अनेक छोटे फोटो घ्यायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, फोटो स्वस्त झाले, लोकांना वेड लागलं, त्याने पैसा भरपूर कमावला. पण तीच गोष्ट सगळे करायला लागले, भाव पडले आणि १८८९ मध्ये तो गेला तेव्हा पार कफल्लक होता. एकच युक्ती धरून बसणं किती महागात पडतं याचं या क्षेत्रातलं हे बहुतेक सगळ्यात जुनं उदाहरण.

मग १८८८ मध्ये अमेरिकेत ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा आला. शंभर फोटोंचा रोल आतच भरलेला, संपला की कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. प्लेटा, केमिकल, डार्करूम कशाचीच कटकट नाही. आज मोबाइलबद्दल जी ओरड होते तीच तेव्हा झाली, की आता कोणीही फोटो काढतो मग आपली किंमत काय. अमेरिकन फोटोग्राफर स्टिग्लिट्झ आणि मंडळींनी १९०२ मध्ये गट काढला आणि फोटो ही कला आहे हे सिद्ध करायला प्रिंट चित्रांसारख्या मऊ, धूसर करण्यावर भर दिला. हा रस्ता मला तरी फारसा पटत नाही, दुसऱ्या कलेचे कपडे घालून मान कसा मिळणार? पण स्टिग्लिट्झ स्वतःही तिथे थांबला नाही, आणि १९२२ पासून तर तो नुसते ढग टिपायला लागला, काय दिसतंय यापेक्षा काय वाटतंय ते फोटोत येतं का हे बघायला.

सगळ्यात जास्त शिकण्यासारखं मात्र अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगकडून आहे. सॅन फ्रान्सिस्कोत तिचा स्वतःचा पोर्ट्रेट स्टुडिओ, श्रीमंत घरांतली गिऱ्हाइकं, नाव झालेलं. मग मंदी आली, स्टुडिओच्या खिडकीतून खाली बेकार माणसं फिरताना दिसायला लागली आणि १९३३ मध्ये ती कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरली. फुकट जेवणाच्या रांगेचा तो फोटो नीट बघा. गर्दीकडे पाठ करून एक म्हातारा कठड्यावर टेकलाय, हॅट डोळ्यांवर आलेली, हात घट्ट गुंफलेले आणि दोन हातांच्या मध्ये रिकामा पत्र्याचा डबा. चेहरा जेमतेम दिसतो. यात लँगने स्टुडिओतली विद्या टाकून दिलेली नाही हे महत्त्वाचं, माणूस कसा उभा राहतो, हात काय बोलतात हे वाचायला ती तिथेच शिकली होती, फक्त आता ते कोणासाठी वापरायचं ते बदललं. पुढे ती सरकारी कामावर गावोगाव फिरली आणि १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमोला तिने त्या स्थलांतरित आईचा फोटो काढला, जो आज बहुतेकांनी पाहिलेला असतो.

त्यानंतर १९४७ मध्ये कापा, कार्तिए-ब्रेसाँ वगैरे फोटोग्राफर्सनी मॅग्नम ही स्वतःची फोटो एजन्सी काढली, फोटोंचे हक्क फोटोग्राफरकडेच ठेवायचे म्हणून. टीव्ही वाढला, १९७२ मध्ये फोटोंसाठी गाजलेलं अमेरिकेतलं लाइफ साप्ताहिक म्हणून बंद पडलं, आणि मासिकांसाठी फोटोकथा करून जगणाऱ्यांना दुसरं बघावं लागलं.

ब्राझीलचा फोटोग्राफर साल्गादो याची गोष्ट मात्र बाजाराची नाही, आतून मोडण्याची आहे. हा माणूस अर्थतज्ज्ञ, कॉफीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत नोकरीला. बायको लेलियाचा कॅमेरा हातात आला आणि १९७३ मध्ये त्याने नोकरी सोडली. मजूर, खाणी, दुष्काळ, निर्वासित असं वर्षानुवर्षं केलं, पण रवांडाचा १९९४ चा संहार बघून तब्येतीने आणि मनाने खचला, कॅमेरा ठेवून ब्राझीलमध्ये वडिलांच्या उजाड झालेल्या शेतजमिनीवर परत गेला. तिथे पुन्हा जंगल लावायचं हे लेलियानं सुचवलं. १९९८ मध्ये दोघांनी संस्था काढली, पुढे वीस लाखांच्या वर झाडं लागली, आणि त्यातूनच २००४ मध्ये तो परत फोटोकडे वळला, या वेळी अजून न बिघडलेल्या पृथ्वीकडे. याच कामात मधेच त्याने फिल्म सोडून डिजिटल धरलं, वयाची साठी उलटल्यावर! मला वाटतं कशासाठी ते पक्कं असलं की कशाने काढायचं हे बदलताना एवढा जीव जात नाही.

डिजिटलची सुरुवात तर कोडॅकमध्येच १९७५ मध्ये सॅसन नावाच्या इंजिनिअरने केली होती, एक फोटो कॅसेटवर साठवायला तेवीस सेकंद लागायचे. २०१२ मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आणि आताचं म्हणाल तर २०२३ मध्ये जर्मन फोटोग्राफर बोरिस एल्डागसेनने एआयने बनवलेली इमेज मोठ्या फोटो स्पर्धेत पाठवली, ती निवडली गेल्यावर त्याने बक्षीस नाकारलं, कारण यावर चर्चा व्हावी असं त्याला वाटत होतं. त्याच वर्षी लायका या जर्मन कॅमेरा कंपनीने असा कॅमेरा आणला जो फोटो काढतानाच त्यात तो कुठल्या कॅमेऱ्यातून आला आणि नंतर काय बदललं हे तपासता येईल अशी डिजिटल सही टाकतो. म्हणजे नुसती सुंदर इमेज मशीनही देतं, पण कोणीतरी खरंच तिथे जाऊन बघितलं होतं याचा पुरावा आता वेगळा मागितला जातोय, आणि लँग ज्या कामासाठी रस्त्यावर उतरली होती ते काम साधारण हेच होतं.