बुरशी मरू लागते, तेव्हा दम का वाढतो?

२०२१ मध्ये काळ्या बुरशीने स्टेरॉइडचे नाव बदनाम केले. आधीच वाढलेली साखर आणि वर स्टेरॉइडचा मारा, हे तिच्या पथ्यावरच पडले. पण फुप्फुसाची एक बुरशी अशी आहे की आजार गंभीर असेल तर औषधासोबत पहिल्याच दिवशी स्टेरॉइड द्यावे लागते: न्यूमोसिस्टिस. एचआयव्हीत रक्तातल्या सीडी४ पेशी (प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पांढऱ्या पेशी) दर घन मिलिमीटरला २००च्या खाली गेल्या की ती डोके वर काढते. कोरडा खोकला, ताप, दिवसागणिक वाढणारी धाप. बसल्या जागी ऑक्सिमीटर ९५ दाखवतो, वॉर्डात एक फेरी मारली की आकडा ८८च्या खाली.

१९८८पर्यंत हिची गणना बुरशीत होतच नव्हती. हिच्या पटलात एर्गोस्टेरॉल, म्हणजे इतर बुरशींच्या पटलातला मेदासारखा घटक, नसते; म्हणून त्यावरच नेम धरणारी अँफोटेरिसिन किंवा फ्लुकोनॅझोल ही बुरशीची नेहमीची औषधे इथे कुचकामी. चालते ते जुने, स्वस्त कोट्रायमॉक्साझोल. ६० किलोच्या माणसाला डबल स्ट्रेंग्थच्या (दुप्पट मात्रेच्या) दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा, २१ दिवस. आजार गंभीर असेल तर सुरुवात शिरेतून.

औषध लागू पडले की बुरशी मरते आणि तिच्या कवचातले बीटा-ग्लुकान हे शर्करायुक्त द्रव्य फुप्फुसाच्या वायुकोशांत विखुरते. प्रतिकारपेशी त्यावर तुटून पडतात, कोशांत पाणी भरते. परिणामी पहिल्या तीन-चार दिवसांत ऑक्सिजन आणखी घसरतो आणि नातेवाइकांना वाटते, औषधच चुकले.

ही आग आधीच आवरायची. साध्या हवेत धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजन ७० मिमी पाऱ्याच्या खाली असेल, तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड: ५ दिवस ४० मिग्रॅ दोनदा, पुढचे ५ दिवस ४० मिग्रॅ एकदा, मग ११ दिवस २० मिग्रॅ. सुरुवात कोट्रायमॉक्साझोलसोबत, फार तर ७२ तासांत. अमेरिकी तज्ज्ञ समितीने १९९० मध्येच हे सुचवले होते.

गडबड होते ती बहुधा सहाव्या-सातव्या दिवशी. बरे वाटले म्हणून स्टेरॉइड परस्पर बंद केले, की धाप परतते. साखर रोज तपासावी. कोट्रायमॉक्साझोलने पोटॅशियम चढते, तेही पाहावे. आपल्याकडे क्षयरोग सोबत दडलेला असू शकतो, त्यामुळे थुंकीची तपासणी सुरुवातीलाच हवी. शिवाय क्षयरोगाचे रिफॅम्पिसिन चालू असेल तर प्रेडनिसोलोनचा परिणाम कमी होतो. एचआयव्ही नसलेल्या रुग्णांत मात्र स्टेरॉइडचा फायदा इतका स्पष्ट नाही.

हाच हिशेब क्रिप्टोकॉकस या दुसऱ्या बुरशीच्या मेंदूज्वराला लावू नये. तिथे एका चाचणीत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन पाहिले, तर पाठीच्या पाण्यातली बुरशी उलट सावकाश कमी झाली आणि अपंगत्व वाढले. ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.