लॅपटॉप तोच, सिस्टीम नवी, अपडेटर जुना

फर्मवेअरची, म्हणजे लॅपटॉपच्या चिपमध्येच राहून त्याला जागं करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, फाइल उतरवून घेतली, तिच्यावर डबल-क्लिक केलं आणि पडद्यावर आलं, ‘हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालणार नाही.’ जुना लॅपटॉप जपून वापरणाऱ्या पुष्कळांना हा अनुभव येतो. लॅपटॉप ठणठणीत आहे, फाइलही नेमकी त्याच मॉडेलची आहे. अडतं ते त्या फाइलभोवती गुंडाळलेल्या अपडेटरपाशी. फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी जागं होतं, त्यामुळे पुढे विंडोज येणार की लिनक्स याचं त्याला फारसं सोयरसुतक नसतं. ते चिपवर उतरवणारा प्रोग्राम मात्र त्या त्या काळच्या सिस्टीमसाठी लिहिलेला असतो, आणि लॅपटॉपचं आयुष्य अनेकदा त्या सिस्टीमपेक्षा मोठं निघतं. ही गाठ पडली कशी, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्याचा बायॉस, म्हणजे त्या काळचं फर्मवेअर, रॉम चिपमध्ये कायमचा कोरलेला होता. सुधारणा हवी असेल तर चिपच काढून दुसरी बसवायची. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली आणि पुढे १९९०च्या दशकात ती मदरबोर्डवर पोचली. आता चिप न काढता तिच्यावर पुन्हा लिहिता येऊ लागलं. त्यासाठी डॉस ही विंडोजच्या आधीची साधी ऑपरेटिंग सिस्टीम सोयीची होती. डॉसमध्ये प्रोग्राम थेट हार्डवेअरशी बोलू शकतो, मध्ये कोणी आडवं येत नाही आणि मागे दुसरं काही चालू नसतं. १.४४ एमबीची फ्लॉपी घालायची, तिच्यावरून कॉम्प्युटर सुरू करायचा, एक कमांड द्यायची आणि काम संपेपर्यंत वीज जाऊ नये म्हणून जीव मुठीत धरून बसायचं.

लिहिण्याची ही मुभा किती महागात पडू शकते हे २६ एप्रिल १९९९ला दिसलं. त्या दिवशी जागा झालेला सीआयएच व्हायरस विंडोज ९५ आणि ९८ वर हार्ड डिस्कवरची माहिती तर पुसायचाच, शिवाय काही मदरबोर्डांचा बायॉसही खराब करायचा. असा कॉम्प्युटर सुरूच होत नसे. फर्मवेअरच्या दाराला कुलूप हवंच, हे माझ्या मते तेव्हाच सिद्ध झालं.

मग लॅपटॉपमधून फ्लॉपी गेली. १९९५ मध्ये फीनिक्स आणि आयबीएमने ठरवलेल्या एल टोरिटो पद्धतीमुळे सीडीच्या पोटात फ्लॉपीची प्रतिमा ठेवता येत होती, आणि कित्येक कंपन्यांनी बायॉस अपडेटच्या सीडी तशाच काढल्या. पण लोकांना सोपं हवं होतं, म्हणून विंडोजमधूनच चालणारे अपडेटर आले. खरी अडचण इथून सुरू झाली. एनटी घराण्यातली (एक्सपीसारखी) विंडोज साध्या प्रोग्रामला हार्डवेअरला हात लावू देत नाही, त्यामुळे अपडेटरला स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा छोटा प्रोग्राम, सोबत आणून तो थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, बसवावा लागतो.

या ड्रायव्हरपायीच पुढे सगळं अडलं. ६४-बिट विंडोजमध्ये ३२-बिट ड्रायव्हर चढत नाही आणि डॉसच्या काळातले १६-बिट प्रोग्रामही चालत नाहीत. विंडोज व्हिस्टाच्या ६४-बिट आवृत्तीपासून कर्नलमधल्या ड्रायव्हरवर डिजिटल सही सक्तीची झाली. म्हणून एखादा जुना अपडेटर उघडतो, खिडकी नीट दिसते, बॅटरीची पातळीही दाखवतो आणि ‘सुरू करा’ म्हटलं की ड्रायव्हरपाशी कोसळतो. काही अपडेटर आधी सिस्टीमची आवृत्ती वाचतात आणि ओळखीची नसेल तर तिथेच नकार देतात. तो नकार कंपॅटिबिलिटी मोड (जुन्या विंडोजचा आभास देणारी सोय) लावून चुकवू नये, असं मी कळकळीने सांगेन. साधा प्रोग्राम मध्येच बंद पडला तर पुन्हा उघडता येतो. चिप अर्धी लिहून झाल्यावर तो बंद पडला, तर लॅपटॉप डेड होऊ शकतो.

लिनक्सवाल्यांची वाट वेगळी होती. १९९४ मध्ये जिम हॉल यांनी सुरू केलेलं फ्रीडॉस, म्हणजे डॉसचं मोफत रूप, पेन ड्राइव्हवर टाकायचं आणि त्यातून डॉसचा अपडेटर चालवायचा. ही युक्ती बरीच वर्षं कामी आली. पण फ्रीडॉस जुन्या बायॉसच्या सेवांवर उभं आहे. बायॉसची जागा घेणारं नव्या पद्धतीचं फर्मवेअर म्हणजे यूईएफआय. निव्वळ तेच असलेल्या, जुन्या बायॉससारखं वागण्याचा लेगसी मोड नसलेल्या लॅपटॉपवर ते सुरूच होत नाही.

उत्तर मिळालं तेही यूईएफआयमधूनच. कॅप्सूल पद्धतीत ऑपरेटिंग सिस्टीम चिपला हात लावत नाही. ती फक्त फाइल सुपूर्द करते आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करते. मग फर्मवेअर स्वतःच सही तपासतं आणि स्वतःला लिहितं. २०१२च्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने या पद्धतीला आधार दिला. २०१५ मध्ये रिचर्ड ह्यूज यांनी लिनक्ससाठी एफडब्ल्यूयूपीडी हा फर्मवेअर अपडेट करणारा प्रोग्राम आणला आणि कंपन्यांना फर्मवेअर ठेवायला एलव्हीएफएस ही सामाईक जागा मिळाली. कित्येक लॅपटॉपच्या फर्मवेअरच्या सेटअपमध्येही पेन ड्राइव्हवरची फाइल थेट वाचायची सोय असते. मला हीच वाट सगळ्यांत जवळची वाटते, कारण तिथे सिस्टीमचा प्रश्नच उरत नाही.

दरम्यान कर्नलमधून चिपपर्यंत पोचण्यातला धोका पुन्हा एकदा दिसला. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू या लिनक्सच्या १७.१० आवृत्तीची इन्स्टॉल फाइल काही काळ मागे घ्यावी लागली. तिच्या कर्नलमधल्या फर्मवेअरच्या चिपशी बोलणाऱ्या इंटेल एसपीआय ड्रायव्हरमुळे लेनोवोसह काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये बायॉसच्या सेटिंग्ज सेव्ह होईनाशा झाल्या होत्या.

मधल्या काळातले लॅपटॉप मात्र अडकून पडले. त्यांचं शेवटचं फर्मवेअर विंडोज ७ च्या काळातल्या एखाद्या .exe मध्ये बंद आहे. ती फाइल आर्काइव्ह उघडणाऱ्या प्रोग्रामने सोडवली तर कधी आत मूळ .rom किंवा .cap सापडते, कधी फक्त ड्रायव्हर आणि अनोळखी तुकडे. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरमधले दोष उघड झाले तेव्हा मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची, दुरुस्ती निदान सिस्टीममधूनही चढवता आली. सही असलेलीच सिस्टीम सुरू होऊ देणाऱ्या सिक्युअर बूटचं तसं नाही. मायक्रोसॉफ्टच्या २०११च्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते, आणि नवी प्रमाणपत्रं घेण्याआधी काही लॅपटॉपना कंपनीचं फर्मवेअर अपडेट लागतं.