कंपवात आणि नैराश्य

कंपवात (पार्किन्सन्स आजार) म्हटले की थरथरणारा हात डोळ्यांसमोर येतो. पण दर तीन रुग्णांपैकी साधारण एकाला दखल घेण्याजोगे नैराश्यही असते. ‘एवढे दुखणे मागे लागल्यावर माणूस खचणारच’ हे घरोघरी ऐकू येणारे कारण अर्धेच खरे आहे, कारण काही जणांत उदासी कंपाच्या कित्येक वर्षे आधी येते. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली या रोगाचे पहिले तपशीलवार वर्णन केले, त्यात बुद्धी व इंद्रिये शाबूत राहतात असे म्हटले होते. मनाकडे दुर्लक्ष होण्याची सुरुवात बहुधा तिथूनच झाली.

मेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर भागातल्या डोपामाइन हे संदेशवाहक रसायन बनवणाऱ्या पेशी मरू लागल्या की हालचाल मंदावते. जर्मन शास्त्रज्ञ हायको ब्राक यांनी 2003 मध्ये मांडले की रोग याच्याही खाली, मस्तिष्कस्तंभाच्या (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाच्या) खालच्या भागात सुरू होतो आणि भावस्थितीशी निगडित सेरोटोनिन व नॉरॲड्रेनालिनच्या पेशींना आधी गाठतो. सर्व रुग्णांना हा क्रम लागू पडत नाही, पण आधी येणाऱ्या उदासीचा उलगडा त्याने बराच होतो.

या नात्याचा एक धागा सर्पगंधेपर्यंत जातो. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली रक्तदाबावरील तिच्या गुणाचा शोधनिबंध ब्रिटिश नियतकालिकात छापला आणि ही मुळी जगभर पोहोचली. तिच्यातील रेसरपिन हे द्रव्य मेंदूतील डोपामाइन, सेरोटोनिन व नॉरॲड्रेनालिन या तिन्ही रसायनांचा साठा रिकामा करते. ते घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याच्या, काहींत कंपवातासारखी लक्षणे दिसल्याच्या नोंदी झाल्या. (खिन्नतेचे प्रमाण फुगवून सांगितले गेले, असे पुढे अनेकांनी म्हटले.) 1957 मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसरपिनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा (ज्यापासून मेंदू डोपामाइन बनवतो ते द्रव्य) टोचले, तेव्हा ते पुन्हा हालू लागले. कंपवाताच्या आजच्या मुख्य औषधाची वाट त्यातूनच निघाली.

1999 साली पॅरिसहून प्रसिद्ध झालेली एक नोंद याहून थेट आहे. कंपवाताच्या उपचारासाठी 65 वर्षांच्या एका रुग्ण महिलेच्या मेंदूत बसवलेल्या विद्युताग्रातून (इलेक्ट्रोडमधून) नेहमीच्या जागेच्या अवघे 2 मिलिमीटर खाली प्रवाह सोडला, तर ती रडू लागली, जगायचे नाही म्हणू लागली. प्रवाह थांबवल्यावर दीड मिनिटाच्या आत सारे ओसरले. तिला पूर्वी कधीही मानसिक आजार नव्हता.

निदान मात्र अवघड असते. चेहऱ्याचे स्नायू ताठरल्याने आजोबा नातवाच्या खोडीवरही हसत नाहीत, आवाज खोल जातो, झोप मोडते, वजन घटते. ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखीच. म्हणून चेहऱ्यावरून अंदाज न बांधता ‘आतून कसे वाटते?’ असे विचारावे लागते. नुसती अनास्था वेगळी: तिच्यात दुःख नसते, कशातच रस नसतो. काहींना कंपवाताच्या गोळीचा असर उतरू लागला की घाबरल्यासारखे होते आणि पुढच्या मात्रेने ते निवळते.

उपचारांत नैराश्यविरोधी औषधे, समुपदेशन व व्यायाम येतात. तीव्र नैराश्यात दिलेल्या विद्युत-उपचाराने (भूल देऊन मेंदूला दिलेल्या विजेच्या सौम्य झटक्यांनी) कधीकधी हालचालही काही काळ सुधारते. प्रामिपेक्सोलसारखी डोपामाइनची नक्कल करणारी औषधे मन उभारतात, पण काहींना जुगाराची किंवा बेसुमार खरेदीची ओढ लावतात. घरच्यांना आधी वाटते, स्वभाव खुलला. गोळीवर संशय येतो तो बँकेचे पासबुक पाहिल्यावर.