खुलासा: कमरेसाठी बरगड्या काढल्या जात नव्हत्या

‘व्हिक्टोरियन काळातल्या बायका कंबर बारीक दिसावी म्हणून बरगड्या काढून घ्यायच्या’ हे वाक्य जुन्या फॅशनच्या चित्रांखाली हमखास वाचायला मिळतं. अशा शस्त्रक्रियेची एकही विश्वासार्ह नोंद नाही. भूल देणं 1846 मध्ये जाहीरपणे सिद्ध झालं आणि ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टरची जंतुनाशक पद्धत 1867 मध्ये छापून आली. त्याआधी साधी जखम चिघळूनही माणसं दगावत. हौसेखातर छाती कोण उघडून घेईल?

मग त्या बायकांची कंबर 13-15 इंच असायची असं म्हणतात, त्याचं काय? तो आकडा मुख्यतः मासिकांतून आला. ‘इंग्लिशवुमन्स डोमेस्टिक मॅगझिन’ या ब्रिटिश मासिकात 1860च्या दशकाच्या अखेरीस कॉर्सेट (कंबर आवळणारं, आत ताठ पट्ट्या असलेलं अंतर्वस्त्र) आवळण्यावर वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. पत्रं बहुतेक निनावी आणि वर्णनं रंगवलेली. त्यांतली बरीचशी कल्पनारंजन असावीत, असं वेशभूषेच्या अनेक अभ्यासकांना वाटतं, आणि मलाही तेच पटतं.

कॉर्सेट पाठीकडून बघा. दोन्ही कडांना भोकांची रांग आणि त्यांतून ओवलेली नाडी. परकराच्या नाडीसारखी ती हवी तेवढी आवळायची, मध्ये दोन-तीन इंच फट सहज राहायची. म्हणजे 20 इंची कॉर्सेट घालणारीची कंबर 22-23 इंच असू शकते. वर फुगीर बाह्या, खाली घेरदार झगा, त्यामुळे मधला भाग आणखीच बारीक दिसे. फोटोंतही काचेच्या निगेटिव्हवर रंग लावून कंबर कोरली जाई.

घट्ट आवळणाऱ्या बायका होत्या, त्यांना त्रासही होत असे. पण त्यांच्या बरगड्या शाबूत होत्या.