पार्श्वभूमी देखरेख प्रोग्राम, विंडोजवरील : दोष व दोषशोधन

वापरकर्त्यासमोर खिडकी न उघडता सतत चालू राहून फोल्डर, नेटवर्क, प्रिंटर, कीबोर्ड किंवा दुसरे प्रोग्राम यांच्यावर लक्ष ठेवणारे प्रोग्राम. विंडोजवर ते मुख्यतः दोन रूपांत आढळतात. एक, ‘सर्व्हिस’ : ती कोणी लॉग-इन केलेले नसतानाही चालते. दुसरे, वापरकर्त्याने लॉग-इन केल्यावर सुरू होऊन टास्कबारच्या कोपऱ्यात लहानशा आयकॉनच्या रूपाने बसणारा साधा डेस्कटॉप प्रोग्राम. बॅकअप, अँटिव्हायरस, आलेली फाइल उचलून पुढे पाठवणारे कार्यालयीन प्रोग्राम ही नेहमीची उदाहरणे होत.

असे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या संगणकावर नीट चालतात आणि ग्राहकाकडे गेले की गप्प होतात. या तक्रारीचे कारण कोडच्या तर्कात क्वचितच सापडते. बहुतेक वेळा प्रोग्राम कोणत्या सेशनमध्ये (प्रत्येक लॉग-इनसाठी विंडोज आखते त्या स्वतंत्र कप्प्यात), कोणत्या खात्याच्या नावाने आणि कोणत्या थ्रेडवर (प्रोग्रामात समांतर चालणाऱ्या आज्ञांच्या धाग्यावर) चालला आहे, याविषयीचा समज चुकलेला असतो. दोषशोधनाची सुरुवात या तीन प्रश्नांपासून करावी, कारण खाली दिलेल्या जवळजवळ सर्व दोषांचे मूळ त्यांच्याच उत्तरांत आहे.

उगम : पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रामाला युनिक्स परंपरेत ‘डीमन’ म्हणतात. ही संज्ञा अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये सामान्यतः १९६३ च्या सुमारास रूढ झाली असे मानतात. ती एका इंग्रजी शब्दसमूहाची आद्याक्षरे आहे, अशी व्युत्पत्ती पुष्कळ ठिकाणी दिलेली आढळते. परंतु त्या प्रकल्पातील संगणकशास्त्रज्ञ फर्नांडो कोर्बाटो यांनी ती नाकारली असून, भौतिकीतील मॅक्सवेलच्या ‘डीमन’वरून, म्हणजे रेणूंची सतत निवड करत राहणाऱ्या कल्पित जीवावरून, नाव घेतल्याचे सांगितले आहे. हेच मत ग्राह्य धरावे. आद्याक्षरांची कथा मागाहून जुळवलेली दिसते.

विंडोजमधील सर्व्हिस ही या डीमनचीच वंशज आहे काय, याबद्दल एकमत नाही. सर्व्हिस ही संकल्पना विंडोज एनटी ३.१ मध्ये (जुलै १९९३) आली. एनटीची रचना करणारे डेव्हिड कटलर हे १९८८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीतून मायक्रोसॉफ्टमध्ये आले होते व त्यापूर्वी त्यांनी तेथे व्हीएमएस प्रणालीवर काम केले होते. म्हणून काही जण सर्व्हिसचे मूळ व्हीएमएसमधील ‘डिटॅच्ड’, म्हणजे कोणत्याही टर्मिनलशी न जोडलेल्या, प्रोसेसमध्ये (चालू असलेल्या प्रोग्रामात) शोधतात. गाभ्याच्या रचनेपुरते हे साम्य खरे आहे. मात्र नावाने नोंदवलेली सर्व्हिस ‘नेट स्टार्ट’ या आज्ञेने सुरू करायची, थांबवायची, तिची स्थिती विचारायची, ही सगळी बाह्य रीत ओएस/२ वरील लॅन मॅनेजर या नेटवर्क प्रणालीतून आलेली आहे. ‘वर्कस्टेशन’ आणि ‘सर्व्हर’ या एनटीच्या दोन जुन्या सर्व्हिसची नावेही तिकडचीच. प्रोग्रामरचा संबंध या बाह्य रीतीशीच येत असल्याने लॅन मॅनेजरचे मूळ अधिक महत्त्वाचे मानणे योग्य वाटते. एमएस-डॉसमधील स्मृतीत ठाण मांडून बसणाऱ्या प्रोग्रामांना सर्व्हिसचे पूर्वज म्हणण्याची पद्धत आहे. परंतु डॉसमध्ये एका वेळी अनेक प्रोसेस नव्हत्या, त्यामुळे हे साम्य वरवरचेच.

सेशन शून्य : विंडोज एक्सपीपर्यंत सर्व सर्व्हिस आणि सर्वप्रथम लॉग-इन करणारी व्यक्ती एकाच सेशनमध्ये, म्हणजे सेशन शून्यमध्ये असत. सर्व्हिसने दाखवलेला संदेश त्यामुळे सरळ पडद्यावर दिसे, आणि त्या काळातील अनेक देखरेख प्रोग्राम या सोयीवर विसंबून लिहिले गेले.

२००२ मध्ये या सोयीतील धोका जाहीर झाला. एकाच डेस्कटॉपवरील कोणतीही खिडकी दुसऱ्या कोणत्याही खिडकीला संदेश पाठवू शकते आणि त्या संदेशावर पाठवणाऱ्याची ओळख नसते. यामुळे कमी अधिकाराच्या प्रोग्रामाला सर्वाधिकारी सर्व्हिसच्या खिडकीमार्फत स्वतःचा कोड चालवून घेता येत असे. टायमरच्या संदेशासोबत फंक्शनचा पत्ताही पाठवता येई, आणि तीच मुख्य फट होती. ‘शॅटर’ या नावाने हा हल्ला ओळखला जातो. दोष विंडोजच्या रचनेचा, की सर्वाधिकारी प्रोग्रामाने पडद्यावर खिडकी उघडण्याचा, यावर त्या वेळी बराच वाद झाला. मायक्रोसॉफ्टचा कल दुसऱ्या बाजूला होता. तरी डिसेंबर २००२ मध्ये टायमर संदेशापुरती दुरुस्ती त्या कंपनीने दिली. पुढे विंडोज व्हिस्टामध्ये (सर्वसामान्य ग्राहकांसाठी जानेवारी २००७) सेशन शून्य केवळ सर्व्हिसकरिता राखून वापरकर्त्यांची सेशने १ पासून सुरू केली गेली. जुनी रचनाच सदोष होती, याची ही कबुली मानता येईल.

प्रोग्रामरच्या दृष्टीने या बदलाचा परिणाम असा की सर्व्हिसने उघडलेला संदेश कोणालाही न दिसणाऱ्या डेस्कटॉपवर उमटतो आणि त्यावरील ‘ओके’ दाबले जाण्याची वाट पाहत थ्रेड कायमचा थांबतो. यादीत सर्व्हिस ‘चालू’ दिसते, काम मात्र बंद असते. जुन्या प्रोग्रामांसाठी व्हिस्टाने एक मध्यस्थ सर्व्हिस दिली होती : अदृश्य खिडकी उघडल्याची सूचना ती वापरकर्त्याला देई व त्याला तात्पुरते सेशन शून्यमध्ये नेई. विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीत (२०१८) ती काढून टाकण्यात आली. सर्व्हिसच्या गुणधर्मांतील ‘डेस्कटॉपशी संवादाची परवानगी’ ही खूण आजही दिसते. ती लावून प्रश्न सुटेल, असा सल्ला अजूनही दिला जातो. तो कालबाह्य आहे.

टास्क शेड्युलरमध्ये ‘वापरकर्ता लॉग-इन असो वा नसो’ हा पर्याय निवडलेला प्रोग्रामही सेशन शून्यमध्येच चालतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

देखरेख प्रोग्राम यासाठी दोन भागांत लिहावा : अधिकार लागणारे काम सर्व्हिसकडे, आणि पडदा, कीबोर्ड यांच्याशी संबंधित काम प्रत्येक वापरकर्त्याच्या सेशनमध्ये चालणाऱ्या लहान सहायक प्रोग्रामाकडे. दोघांत संवाद बहुधा नेम्ड पाइपने, म्हणजे दोन प्रोग्रामांना जोडणाऱ्या नावाच्या वाहिनीने, होतो. येथे दोन अडथळे हमखास येतात. पहिला, लोकल सिस्टम या विंडोजच्या सर्वाधिकारी अंतर्गत खात्याने वेगळी सुरक्षा न नेमता उघडलेल्या पाइपवर सामान्य वापरकर्त्याला फक्त वाचता येते. सहायक प्रोग्राम लिहिण्याचा अधिकार मागतो आणि ‘त्रुटी ५, प्रवेश नाकारला’ मिळवतो. दुसरा, प्रोग्रामांनी एकमेकांना अडवण्यासाठी किंवा खुणावण्यासाठी वापरायच्या म्युटेक्स, इव्हेंट यांसारख्या वस्तूंची नावे प्रत्येक सेशनला स्वतंत्र असतात. सेशन शून्यमधील वस्तू सेशन १ मधून उघडायची तर नावापूर्वी ‘ग्लोबल’ हा उपसर्ग लावावा लागतो. न लावल्यास ती अस्तित्वातच नसल्याचे उत्तर येते.

खाते आणि परिसर : सर्व्हिस लोकल सिस्टम, लोकल सर्व्हिस, नेटवर्क सर्व्हिस किंवा नेमून दिलेल्या खात्याच्या नावाने चालते. वापरकर्त्याने जोडलेली ‘झेड’ सारखी नेटवर्क ड्राइव्ह तिला दिसत नाही. पूर्ण नेटवर्क पत्ताच द्यावा लागतो. तिचा चालू फोल्डर सिस्टम३२ हा असतो. म्हणून ‘सेटिंग्ज’ फाइल नुसत्या नावाने उघडणारा प्रोग्राम ती भलतीकडेच शोधतो. रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारातील) चालू वापरकर्त्याची शाखाही त्या खात्याची असते, समोर बसलेल्या व्यक्तीची नव्हे.

सुरू न होणे : त्रुटी १०५३ ही सर्वांत परिचित. सर्व्हिसची प्रोसेस सुरू झाल्यावर तिने सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर या सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या विंडोजच्या घटकाशी ३० सेकंदांत जोडून घ्यावे लागते. साधा कन्सोल (आज्ञांच्या काळ्या खिडकीत चालणारा) प्रोग्राम सर्व्हिस म्हणून नोंदवला तर तो ही जोडणी कधीच करत नाही आणि हीच त्रुटी येते. डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग व्यवस्थेत सुरुवातीच्या फंक्शनातच डेटाबेस उघडणे, जुन्या फाइली चाळणे असली लांब कामे ठेवल्यानेही ती येते. अशी कामे वेगळ्या थ्रेडवर न्यावीत. इंटरनेट नसलेल्या बंदिस्त जाळ्यात एक आडवळणाचे कारण भेटते : डॉटनेट फ्रेमवर्कच्या जुन्या आवृत्त्या डिजिटल स्वाक्षरी असलेला प्रोग्राम लोड करताना प्रमाणपत्र रद्द झाले आहे का, हे बाहेर विचारू पाहत आणि उत्तराची वाट पाहण्यात ते ३० सेकंद संपत. रजिस्ट्रीत ही मुदत वाढवता येते. पण ती वाढवल्याने विलंब का झाला हे कळत नाही, म्हणून तो शेवटचा उपाय समजावा.

त्रुटी १०६९ खात्याचा पासवर्ड बदलल्याची बहुधा खूण असते. त्रुटी १०७२ म्हणजे सर्व्हिस काढून टाकण्यासाठी नोंदली गेली आहे, पण कोणता तरी प्रोग्राम तिचे हँडल (तिच्यापर्यंत पोचण्याचा दुवा) धरून आहे. पुष्कळदा सर्व्हिसची यादी दाखवणारी खिडकी बंद केली की काम होते.

विंडोज ८ पासूनच्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे आणखी एक गोंधळ वाढला. संगणक ‘शट डाउन’ केला की वापरकर्त्यांची सेशने बंद होतात, परंतु गाभा व सेशन शून्य डिस्कवर जतन होतात आणि पुढच्या वेळी तेथूनच उठतात. सर्व्हिस त्यामुळे नव्याने सुरू होतच नाही. ‘बंद करून चालू केले तरी फरक पडला नाही’ असे ग्राहक सांगतो ते खरे असते. त्याला ‘रीस्टार्ट’ करायला सांगावे.

टायमर : विंडोज फॉर्म्स या खिडक्यांच्या प्रोग्रामांसाठीच्या डॉटनेटमधील संचाचा टायमर मेसेज लूपवर, म्हणजे आलेले संदेश एकेक उचलणाऱ्या चक्रावर, अवलंबून असतो. सर्व्हिसमध्ये तो लूप नसल्याने हा टायमर एकदाही वाजत नाही. याउलट डॉटनेट फ्रेमवर्कच्या टायमर्स नेमस्पेसमधील टायमर वाजतो, पण त्याच्या फंक्शनात उद्भवलेली त्रुटी निमूटपणे गिळतो. दर मिनिटाचे काम एके दिवशी अर्ध्यावर तुटते आणि लॉगमध्ये ओळही उमटत नाही. फंक्शनाच्या आत त्रुटी पकडून ती लिहून ठेवणे येथे अपरिहार्य आहे.

संगणक सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद देणारा ‘गेट टिक काउंट’ हा ३२ बिटांचा मोजणारा ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. कार्यालयातील संगणक रोज संध्याकाळी बंद होतो म्हणून हा दोष तेथे येणार नाही, असे पूर्वी गृहीत धरत. फास्ट स्टार्टअपनंतर ते गृहीतक उरले नाही, कारण अशा ‘बंद’ होण्याने मोजणी शून्य होत नाही. व्हिस्टापासून याची ६४ बिटांची आवृत्ती उपलब्ध आहे, तीच वापरावी.

फोल्डरवरील देखरेख : डॉटनेटमधील फाइल सिस्टम वॉचर हा विंडोजच्याच सूचनायंत्रणेवर बसवलेला पातळ थर आहे. त्याचा बफर (घटना तात्पुरत्या साठवण्याची जागा) मुळात ८,१९२ बाइटांचा असतो आणि प्रत्येक घटनेला १६ बाइट अधिक नावाच्या प्रत्येक अक्षरामागे २ बाइट लागतात. एकदम शेकडो फाइली येऊन पडल्या की बफर भरतो व घटना हरवतात. बफर वाढवता येतो, पण नेटवर्कवरील फोल्डरसाठी ६४ केबी ही मर्यादा आहे. ‘फाइल तयार झाली’ ही सूचना फाइल पूर्ण लिहून होण्याआधीच येते, म्हणून लगेच उघडू गेल्यास ती दुसऱ्याच्या ताब्यात असल्याची त्रुटी मिळते. एकाच बदलाच्या दोन-तीन सूचना येणे हेही नेहमीचेच. वॉचरला केवळ इशारा मानून ठराविक काळाने फोल्डर स्वतः चाळणारी रचना सर्वांत भरवशाची ठरली आहे.

प्रोग्राम ‘अँसी’ पद्धतीची, म्हणजे युनिकोडपूर्व मर्यादित अक्षरसंचावर (कोड पेजवर) चालणारी, फंक्शने वापरत असेल तर मराठी नावांच्या फाइलींबाबत वेगळाच दोष दिसतो. विंडोजमध्ये देवनागरीसाठी नेहमीच्या अर्थाचे अँसी कोड पेज नाहीच. विंडोज २००० पासून मराठी आली ती केवळ युनिकोडच्या आधारे. त्यामुळे ‘अहवाल’ नावाची फाइल अशा प्रोग्रामाला पाच प्रश्नचिन्हांच्या रूपात दिसते आणि ‘सापडली नाही’ अशी नोंद होते. युनिकोड फंक्शने वापरणे हाच खरा उपाय होय. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून प्रोग्रामाच्या मॅनिफेस्टमध्ये (सोबतच्या माहितीपत्रकात) यूटीएफ-८ ही युनिकोडची लेखनपद्धत जाहीर करण्याची सोयही आहे.

कीबोर्ड व माऊस : निष्क्रियता मोजण्यासाठी वापरले जाणारे ‘गेट लास्ट इनपुट इन्फो’ फक्त स्वतःच्या सेशनपुरते उत्तर देते, सर्व्हिसमधून त्याचा उपयोग नाही. निम्नस्तरीय हुक (कीबोर्ड-माऊसची प्रत्येक हालचाल मध्येच पकडणारे फंक्शन) बसवणाऱ्या थ्रेडवर मेसेज लूप लागतो. विंडोज ७ पासून, हुकने वारंवार उशीर केल्यास विंडोज तो काढून टाकते आणि प्रोग्रामाला तसे कळवतही नाही. डॉटनेटमध्ये हुकला दिलेला डेलिगेट (फंक्शनाकडे नेणारा दुवा) कोणत्याही चलात न ठेवल्यास गार्बेज कलेक्टर, म्हणजे न वापरलेली स्मृती मोकळी करणारी यंत्रणा, तो उचलतो व काही मिनिटांनी प्रोग्राम कोसळतो.

खिडकी असलेल्या सहायक प्रोग्रामात दुसऱ्या थ्रेडवरून कंट्रोल (खिडकीतील बटण, चौकट इ.) बदलण्याची चूक सर्रास होते. इन्व्होक किंवा बिगिन-इन्व्होक या फंक्शनांमार्फत ते काम मूळ थ्रेडकडे सोपवावे. महिनोन्महिने चालणाऱ्या प्रोग्रामात जीडीआय (विंडोजची चित्रे व अक्षरे रेखाटणारी यंत्रणा) हँडल वापरून परत न केल्याने गळत असतील तर प्रत्येक प्रोसेसला असलेली १०,००० ची मूळ मर्यादा गाठली जाते. त्याआधी आयकॉन व अक्षरे अर्धवट रंगू लागतात. टास्क मॅनेजरमध्ये ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ हा स्तंभ लावून दोन दिवसांचे आकडे ताडून पाहिले की गळती उघड होते.

साधने : इव्हेंट व्ह्यूअरमधील ७००० व ७००९ (सुरू होण्यातील अपयश), ७०३४ (अचानक बंद पडणे), १००० (प्रोग्राम कोसळणे) आणि १०२६ (डॉटनेटमधील न हाताळलेली त्रुटी) या क्रमांकांच्या नोंदी प्रथम पाहाव्यात. प्रोसेस मॉनिटर व प्रोसेस एक्सप्लोरर ही सिसइंटर्नल्सची साधने मार्क रुसिनोविच व ब्राइस कॉग्सवेल यांच्या कामातून पुढे आली; मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी २००६ मध्ये विकत घेतली. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये सेशन क्रमांक आणि खाते हे दोन्ही स्तंभ लावता येतात. न दिसणाऱ्या फाइलीचा शोध प्रोसेस मॉनिटरमध्ये लवकर लागतो, कारण प्रोग्रामाने नेमका कोणता मार्ग उघडू पाहिला ते तेथे अक्षरशः वाचता येते. ग्राहकाकडे डीबगर (चालू प्रोग्राम तपासण्याचे साधन) बसवणे शक्य नसल्यास रजिस्ट्रीतील ‘लोकल डंप्स’ ही कळ तयार करून ठेवावी. प्रोग्राम कोसळताच त्याच्या स्मृतीची प्रत डिस्कवर राहते व ती विनडीबीजी या डीबगरमध्ये नंतर उघडता येते.