चंद्र, रोहित आणि स्वस्तातला टेलिकन्व्हर्टर

मुंबईत शिवडीच्या जेट्टीवर उभं राहिलं की शंभरेक मीटरवर चिखलात छोटा रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, चोच उलटी घालून चरताना दिसतो. उंची साधारण ९० सेंटिमीटर. त्याच रात्री गच्चीवर जाऊन पौर्णिमेचा चंद्र बघा. गंमत अशी, की शंभर मीटरवरचा हा पक्षी आणि पावणेचार लाख किलोमीटरवरचा तो चंद्र आपल्या डोळ्याला जवळपास सारखेच मोठे दिसतात. दोघंही अर्धा अंशच व्यापतात. ३०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या लेन्सने (हा आकडा मोठा तितकं दूरचं मोठं दिसतं) फोटो काढला तर कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर, म्हणजे प्रतिमा टिपणाऱ्या पट्टीवर, दोघांचीही प्रतिमा पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास भरते. ज्वारीच्या दाण्याहूनही लहान!

इथेच टेलिकन्व्हर्टरचा, म्हणजे आहे त्या लेन्सची प्रतिमा मोठी करणाऱ्या जोडभिंगाचा, मोह सुरू होतो. ६०० मिलिमीटरची चांगली लेन्स घ्यायची तर घरात आधी परवानगी काढावी लागते. त्यापेक्षा फोर्टात बोरा बाजाराकडे चक्कर टाकली की काउंटरवरचा माणूस एक छोटं नळकांडं पुढे सरकवतो आणि म्हणतो, ‘‘साहेब, टू एक्स लावा, तीनशेचे सहाशे होतील.’’ तो खोटं बोलत नसतो. फक्त हिशेबाची पुढची ओळ सांगत नाही.

ती ओळ समजायला चणेवाल्याची कागदी पुडी आठवा. लेन्सच्या तोंडातून आत आलेला प्रकाश शंकूसारखा निमुळता होत सेन्सरवरच्या एका बिंदूत मिळतो. टेलिकन्व्हर्टर लेन्स आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसतो आणि त्यातला भिंगांचा संच मिळून अंतर्गोल भिंगासारखं काम करतो. तो या शंकूला जरा उशिरा मिटू देतो. पुडीचं तोंड तेवढंच, पण पुडी लांब आणि सडपातळ. प्रतिमा मोठी होते आणि तेवढाच प्रकाश जास्त जागेवर पसरतो. प्रतिमेची लांबी-रुंदी दुप्पट म्हणजे चौपट क्षेत्रफळ, म्हणून प्रकाश एक चतुर्थांश, फोटोग्राफीच्या भाषेत दोन स्टॉप कमी (एक स्टॉप गेला की प्रकाश निम्मा). १.४ पटीच्या कन्व्हर्टरमध्ये क्षेत्रफळ दुप्पट होतं आणि एकच स्टॉप जातो. एफचा आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले लेन्सच्या तोंडाचा व्यास; तो मोठा तितका प्रकाश कमी. एफ ५.६ ची लेन्स टू एक्सने एफ ११ होते, १.४ ने एफ ८. ब्रँड कुठलाही असो, यात सूट मिळत नाही.

युक्ती तशी जुनी आहे. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८३० च्या दशकात दुर्बिणीसाठी हेच केलं. वांगणीला आकाशदर्शनाला गेला असाल तर ‘बार्लो लेन्स’ हे नाव कानावरून गेलं असेल.

आता खरा प्रश्न. प्रतिमा मोठी झाली, पण तपशील वाढला का? तपशिलाची कमाल मर्यादा लेन्सच्या तोंडाचा व्यास ठरवतो. ३०० भागिले ५.६ म्हणजे सुमारे ५४ मिलिमीटर, आणि ६०० भागिले ११.२ केलं तरी तेच. टेलिकन्व्हर्टर नवीन माहिती आणत नाही. लेन्सने दिलेली माहिती तो जास्त पिक्सेलवर पसरवतो, इतकंच. लेन्स इतकी धारदार असेल की सेन्सरचे पिक्सेलच तिला अपुरे पडतात, तर या पसरण्याचा फायदा होतो. ७०-२०० एफ २.८ किंवा ३०० एफ ४ अशा लेन्स या जातीच्या. पण बहुतेकांकडे असते ती ७०-३०० ची हलकी झूम, आणि ती ३०० च्या टोकाला आधीच थोडी मऊ, म्हणजे पुसट प्रतिमा देणारी, असते. धूसर पानाची झेरॉक्स मोठी काढली तर अक्षरं मोठी होतात, वाचता येत नाहीत. शिवाय स्वस्त कन्व्हर्टरची भिंगं स्वतःच्या रंगीत कडा वर मिळवतात त्या वेगळ्याच.

अशा झूमवाल्यांना माझा सल्ला सरळ आहे: क्रॉप करा. २४ मेगापिक्सेलचा फोटो दुप्पट मोठा दिसेल असा कापला तर ६ मेगापिक्सेल उरतात, आणि त्यात ए-फोर आकाराची छपाई बरी निघते. खर्च शून्य.

यावर विश्वास ठेवायची गरज नाही, दुकानातच बघता येतं. आपला कॅमेरा आणि आपली लेन्स घेऊन जा. काउंटरवर कॅमेरा टेकवा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि रस्त्यापलीकडच्या पाटीवरच्या सगळ्यात बारीक अक्षरांचा फोटो काढा. एक कन्व्हर्टर लावून, एक न लावता. दुसरा फोटो स्क्रीनवर तेवढाच मोठा करा. पाटीवरचा फोन नंबर पहिल्यात वाचता येतो आणि दुसऱ्यात येत नाही, असं झालं तरच खिशात हात घाला.

जाण्याआधी एक गोष्ट मात्र तपासाच. कंपनीच्या स्वतःच्या कन्व्हर्टरचं पुढचं भिंग बऱ्याचदा बाहेर डोकावतं आणि साध्या झूमच्या मागच्या भिंगावर आपटू शकतं, म्हणून ते ठरावीक लेन्सनाच बसतात. कॅननची आरएफ १००-५०० तर कन्व्हर्टर लावल्यावर ३०० च्या खाली येतच नाही. केन्कोसारख्यांचे कन्व्हर्टर तुलनेने जास्त लेन्सना चालतात आणि स्वस्तही पडतात. पण बसतो म्हणजे फोकस होतो असं नाही. बहुतेक डीएसएलआरमधला, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांमधला, फोकसचा भाग एफ ५.६ पर्यंतच्या जाड शंकूसाठी बनवलेला असतो, काही वरच्या कॅमेऱ्यांत मधले बिंदू एफ ८ पर्यंत ताणतात. एफ ११ ला लेन्स नुसती मागेपुढे घरघरत राहते. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांत फोकस सेन्सरवरच होतो, त्यामुळे तो अशा अंधुक शंकूतही बऱ्याचदा जमतो, हळू का होईना.

जुना घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च आरपार मारून बघा. मुंबईच्या दमटपणात भिंगांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि ‘साफ होऊन जाईल’ हे ऐकून मी एकदा फसलोय. लेन्सच्या पुढे स्क्रूने बसणारी ‘टेली’ भिंगं कोणी टेलिकन्व्हर्टर म्हणून दाखवली तर नमस्कार करून निघा. आतून पोकळ नळी असेल तर ती एक्स्टेंशन ट्यूब. ती फुलाकिड्यांच्या जवळ जायला उपयोगी, पण लावल्यावर दूरचं दिसतच नाही.

आता आपल्या रोहिताकडे परत. सकाळच्या कोवळ्या उजेडात उडत्या पक्ष्याला सेकंदाचा हजारावा भाग तरी शटर लागतो. एफ ५.६ ला त्यासाठी आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता; वाढवली की फोटोत दाणे येतात) ८०० पुरत असेल, तर एफ ११ ला ३२०० हवा. ऊन चढेपर्यंत थांबलात तर चिखलावरची तापलेली हवा लहरायला लागते, आणि कन्व्हर्टर त्या लहरीही दुप्पट करून देतो. यावरचा उपाय पायाशी आहे. भरतीचं वेळापत्रक बघा. पाणी चढतं तसे पक्षी काठाकडे सरकतात, आणि ऐरोलीहून वनखात्याच्या बोटीही भरती पाहूनच खाडीत निघतात. अंतर शंभरचं पन्नास झालं की टू एक्स फुकट, एकही स्टॉप न गमावता.

चंद्राच्या बाबतीत तसं सरकता येत नाही. पण तिथे उन्हात न्हालेला दगड आहे, भरपूर उजेडाचा आणि फडफड न करणारा. पौर्णिमेला एफ ११, आयएसओ २०० आणि सेकंदाचा दोनशेवा भाग एवढ्यात काम होतं. फोकसही हातानेच, स्क्रीन मोठी करून, शांतपणे करता येतो. सप्तमी-अष्टमीचा चंद्र तर आणखी चांगला. आयएसओ ८०० पर्यंत न्यावा लागतो, पण सावलीच्या सीमेवर विवरांच्या कडा कोरल्यासारख्या उठतात. माझा १.४ चा कन्व्हर्टर महिनाभर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात असतो. अष्टमीला, ढग नसतील तर, बाहेर निघतो.