मॅकेंझी किंग यांची रोजनिशी व कॅनडातील सक्तीची सैन्यभरती

कॅनडाचे पंतप्रधान विल्यम ल्यॉन मॅकेंझी किंग (१८७४–१९५०) यांनी १८९३ पासून अखेरपर्यंत लिहिलेली, सुमारे ३०,००० पृष्ठांची रोजनिशी. दुसऱ्या महायुद्धातील सैन्यभरतीच्या पेचप्रसंगाचे हे सर्वांत तपशीलवार, पण जपून वापरावे असे साधन आहे.

आरंभीची रोजनिशी हस्तलिखित आहे. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून किंग मजकूर सांगत व चिटणीस हँडी तो टंकलिखित करीत. युद्धकाळातील नोंदी त्यामुळे काटेकोर अर्थाने खाजगी नाहीत. सांगणाऱ्यासमोर ऐकणारा बसलेला होता. आपण निवडलेले भाग वगळून रोजनिशी नष्ट करावी, असे मृत्युपत्रात होते. निवड मात्र झालीच नाही आणि विश्वस्तांनी रोजनिशी जतन केली. किंग यांच्या परलोकसंपर्काच्या (मृतात्म्यांशी संवाद साधण्याच्या) बैठकींची काही टिपणे १९७७ मध्ये जाळण्यात आली. १९४५ च्या अखेरच्या आठवड्यांचा खंड सापडत नाही. तो हरवला की नष्ट केला, याविषयी मतभेद आहेत. सैन्यभरतीच्या अभ्यासात त्याने फारसे अडत नाही, कारण तोवर युद्ध संपले होते. पिकर्सगिल यांनी संपादित केलेले निवडक भाग उपयुक्त आहेत. तथापि ते किंग यांचे निकटचे सहकारी व विश्वस्तही असल्याने मूळ टंकलिखित पाहणेच इष्ट.

१९४० च्या कायद्याने केवळ देशरक्षणासाठी सक्ती आली. २७ एप्रिल १९४२ च्या सार्वमतात सुमारे ६४ टक्के मतदारांनी सरकारला परदेशी सक्ती न करण्याच्या वचनातून मोकळे केले. फ्रेंचभाषक बहुसंख्य असलेल्या क्वेबेक प्रांताने सुमारे ७२ टक्क्यांनी नकार दिला. १९४४ मध्ये पायदळाची तूट पडल्यावर संरक्षणमंत्री रॉल्स्टन यांनी परदेशी सक्तीचा आग्रह धरला. किंग तेव्हा त्याला तयार नव्हते. १ नोव्हेंबरच्या बैठकीत किंग यांनी त्यांचा १९४२ मधील, मागे न घेतलेला राजीनामा पुढे करून तो स्वीकारला. रॉल्स्टन सहकाऱ्यांशी हस्तांदोलन करून बाहेर पडले. आपला हेतू व समोरच्याची शांतता, दोन्ही किंग यांनी नोंदवली आहेत. मंत्रिमंडळातील असे क्षण इतिवृत्तात उमटत नाहीत.

खरा वाद २२ नोव्हेंबरच्या नोंदीचा. स्वेच्छाभरतीने गरज भागणार नाही, असा सेनाधिकाऱ्यांचा सल्ला नवे संरक्षणमंत्री मॅकनॉटन यांनी दूरध्वनीवरून कळवला. पोटात गुद्दा बसावा तसे झाले, असे किंग लिहितात आणि त्यात लष्करी बंडाची छाया पाहतात. दुसऱ्याच दिवशी १६,००० सक्तीचे सैनिक परदेशी धाडण्याचा आदेश निघाला. काही अभ्यासक बंडाची ही कल्पना ग्राह्य धरतात. लष्करी इतिहासकार स्टेसी यांना मात्र अधिकाऱ्यांनी व्यावसायिक सल्ल्यापलीकडे काही केले असे वाटत नाही, व हेच मत अधिक सयुक्तिक दिसते. किंग यांना काय वाटले याचा रोजनिशी उत्तम पुरावा आहे. सैन्यात काय घडले याचा नव्हे. भूमिका इतक्या झपाट्याने बदलताना मंत्र्यांना व स्वतःलाही पटेल असे कारण त्यांना हवे होते, हेही विसरून चालत नाही.

ज्यांच्यावर सक्ती झाली ते सैनिक या पानांत बहुधा आकड्यांपुरतेच येतात. सुमारे १३,००० जण समुद्रापार गेले. त्यांपैकी आघाडीवरील तुकड्यांत पोहोचले २,४६३.